डाव्या हाताची चिठ्ठी

आमच्या दवाखान्यात बीडहून तक्रारपेटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘न घाबरता लिहा, नाव गुप्त राहील.’ मी तिथलीच सिस्टर, अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं, म्हणून डाव्या हाताने चिठ्ठी लिहून टाकली: ‘लसींचा फ्रीज दोन दिवस बंद होता. तीच लस बाळांना टोचली.’

दुसऱ्या दिवशी नवे डॉक्टर पेटी उघडून, चिठ्ठी समोर ठेवून अक्षर ताडून बघायला बसले. प्रत्येकाला एक ओळ उजव्या हाताने, एक डाव्या हाताने लिहायला लावली. माझी पाळी आली. उजव्या हाताची ओळ झाली, पेन डाव्या हातात घेतलं आणि तिथेच अडले. ते बघून झाडूवाल्या सारजाबाई पुढे झाल्या.

“सायब, समद्यायला कावून तरास देता? चिठ्ठी म्या लिवली.”

मी मान खाली घातली.

संध्याकाळी त्यांना कामावरून काढल्याचा कागद तयार झाला. त्यावर सही आणायला डॉक्टरांनी मलाच पाठवलं.


मी पेन नेलंच नाही. नेहमीसारखं अंगठ्यासाठी शाईचं पॅड नेलं.