बुनादचा बटवा

"श्वास आत घे," तोरिल म्हणाली.

"घेतलाय, आई. आणखी किती घेऊ?"

बुनादच्या कंबरेचा आकडा काही केल्या लागेना. सतरा मेच्या, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीला आठच दिवस उरले होते. पंधराव्या वर्षी चर्चमधल्या इंगविलच्या कन्फर्मेशनला हा पारंपरिक पोशाख शिवला, तेव्हा शिवणीत चांगली चार बोटं माया ठेवली होती, जन्मभर पुरावी म्हणून. बाविसाव्या वर्षीच ती संपत आली. तोरिलनं लेकीच्या अंगावरच शिवण उसवायला घेतली.

"चेहरा मात्र सुरेख झालाय हं," ती टाचण्या दातांत धरूनच बोलली. "गेल्या वर्षी गोळ्यांनी नुसता भोपळा झाला होता. आता पोट तेवढं सुटलंय. केक कमी खा जरा."

इंगविलनं पोट आणखी आत ओढलं.

गेल्या वसंतात ल्युपसचा आजार तिच्या किडनीपर्यंत पोचला होता. डॉक्टरनं सोपं करून सांगितलं होतं, शरीराचे पहारेकरी आपल्याच घरावर उठलेत, गोळ्या त्यांना गुंगीत ठेवतील. गोळ्या बंद केल्यात तर ते पुन्हा उठतील, आणि दुखत नाही म्हणून तुम्हाला कळणारही नाही. दोघींनी माना डोलावल्या होत्या.

उसवून झाल्यावर तोरिल चांदी घासायला बसली. ब्रोच झाला, बटणं झाली. मग तिनं बुनादसोबत कंबरेला लटकवायचा चांदीच्या चापाचा बटवा ओढला. वर्षातून एकदाच, सतरा मेला उघडायची वस्तू ती.

"तो राहू दे, मी घासते," इंगविल घाईनं म्हणाली.

तोवर चाप उघडला होता. टेबलावर पांढऱ्या गोळ्या सांडल्या. दोन महिन्यांच्या तरी असतील.

तोरिलनं वाकून लेकीचा मोजा खाली केला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. अंगात पाणी साठलं होतं, केकचा काही संबंध नव्हता.

"लघवीला फेस येतोय?"

"महिना झाला."

"आणि तू गप्प बसलीस? जिवापेक्षा चेहरा मोठा झाला का गं तुला?"

"मला?" इंगविल हसली. "जिन्यातल्या भिंतीवर माझे दर सतरा मेचे फोटो आहेत. गेल्या वर्षीचा कुठाय, आई?"

तो कपाटात होता, सणाच्या टेबलक्लॉथांखाली. पाहुण्यांना कशाला दाखवायचा म्हणून तोरिलनंच ठेवला होता. तिला लेकीचा संताप आला, आणि स्वतःची शरम वाटली.

तिनं हॉस्पिटलला फोन लावला. "आत्ताच्या आत्ता घेऊन या," पलीकडून सांगितलं.

"पुन्हा त्याच गोळ्या देतील ना?" इंगविलनं विचारलं.

"त्याच. आणि जास्त."

इंगविल खिडकीपाशी उजेडात जाऊन उभी राहिली. कंबर उसवलेली, मोजे घोट्यावर उतरलेले. तिनं केस कानामागे सारले.

"मग फोटो आत्ताच काढ," ती म्हणाली. "फक्त चेहऱ्याचा."