कोरडी नळी

नळीतून थेंबही येत नव्हता. राखणदाराने खाली वाकून तिच्या तोंडाशी तळहात धरला, मग आत बोटं घालून पाहिली. बोटं कोरडीच बाहेर आली आणि त्याने घाबरून वर धरणाच्या भिंतीकडे पाहिलं.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटलं नसतं. धरण गळत नाही, यापेक्षा चांगली बातमी कुठली? पण मातीचं धरण थोडंफार पाझरणारच. भिंतीच्या पोटात मुरलेलं पाणी पायथ्याच्या या नळीतून बाहेर पडतं, म्हणून तर भिंत उभी राहते. ते नितळ आलं तर ठीक. गढूळ आलं तर माती धुपतेय म्हणायचं. आणि तलाव काठोकाठ भरलेला असताना ते आलंच नाही, तर ते गुपचूप दुसरीकडून वाट काढतंय असं समजायचं.

राखणदाराचा दिवस या धारेवर उगवायचा आणि मावळायचा. धार जरा वाढली की त्याला घास उतरत नसे. बायको त्या नळीला सवत म्हणायची. माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत, असं चिडवायची. यंदा मात्र तिचं चिडवणं बंद झालं होतं. तलाव भरला तशी धार मनगटाएवढी झाली आणि एक दिवस धरणाच्या पायऱ्या चढताना त्याला भोवळ आली. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, यांच्या डोक्यातली काळजी काढा, गोळ्यांनी भागणार नाही. तिने त्याला बळेबळे खाली गावात लेकीकडे धाडून दिलं. आठवडाभर इकडे फिरकू नका, धरण काही पळून जात नाही, असा दमही भरला.

नातवाला मांडीवर घेऊन तो तिथे खरंच सावरला होता. आज सकाळी परतला तर बायको दारातच हसत उभी. स्वयंपाक त्याच्या आवडीचा केलेला. आधी जेवा, म्हणाली, आता नळीची काळजी नको, ती बंद झालीय. त्याने ताट तसंच सरकवलं आणि चपला न घालताच धावत सुटला. इतकी वर्षं धरणावर काढून हिला एवढंही कळू नये, याचा त्याला रागच आला.

त्याने फोन केला तशा दुपारी इंजिनिअरबाई जीप घेऊन आल्या. वयाने त्याच्या लेकीएवढ्या, पण कामाला पक्क्या. त्यांनी नळीत बॅटरी मारून पाहिलं. थोडं आत गेल्यावर नळी वळत होती, पुढचं काही दिसेना. मग दोघांनी भिंतीचा उतार पायाखाली घातला. वरच्या गवतात एके ठिकाणी बाईंचा बूट पचकन रुतला. कधी नव्हे ती तिथली माती ओली झाली होती.

बाईंनी खाली बसून ती माती बोटांनी दाबून पाहिली.

"काका, नळी आतून तुंबलीही असेल," त्या म्हणाल्या. "मोकळी करायचं यंत्र उद्या मागवता येईल. तेवढ्याने भागलं तर तलाव वाचेल. आज धरणाचं दार उघडून पाणी सोडलं तर गावाला वर्षभर टँकरवर राहावं लागेल."

"मी गेलो तेव्हा धार मनगटाएवढी होती, मॅडम. नितळ. अशी नळी आठवड्यात तुंबत नाही."

"कुणी काही केलं असेल?"

"इथं येतंय कोण? आम्ही दोघंच तर असतो."

बाईंनी मान हलवली. "तुम्ही या भिंतीला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. सांगा, एक रात्र थांबायचं?"

राखणदाराने खाली पाहिलं. गावातली पहिलीच गल्ली लेकीची. गच्चीवर नातवाची दुपटी वाळत घातलेली इथूनही दिसत होती. 

"थांबू नका."

दार उघडलं आणि पाणी गर्जत निघालं. गावकरी पुलावर धावत आले. आधी नुसते बघत राहिले, मग एकेकाचं तोंड सुटलं. लेकरांना काय तुझा घाम पाजायचा का, असं एक म्हातारी त्याच्या तोंडावर म्हणाली.  लोक जिवंत राहिले की शिव्या द्यायला मोकळे आहेत, अशी त्याने मनाची समजूत घातली. तरी त्याची नजर त्या लोंढ्यावरून हटेना. सबंध वर्षाचं पाणी त्याच्या एका शब्दावर वाहून चाललं होतं.

ऊन उतरलं तेव्हा तलावाचा तळ ठिकठिकाणी उघडा पडला होता. बाईंनी त्याला घरी जायला सांगितलं. तुमच्यामुळे आज गाव वाचलं, असंही म्हणाल्या. ते ऐकून त्याला रडूच आलं.

बायको अंगणात उभी होती. पाणी का सोडलं, हे तिने विचारलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तो पायरीवर बसला आणि त्याने तिला सगळं समजावून सांगितलं, नळी, ओली माती, बाईंचा प्रश्न, आपलं उत्तर. सांगताना त्याचं मन हळूहळू हलकं होत गेलं. निदान चूक तरी झाली नाही, असं तो शेवटी म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली. 

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही लेकीकडे गेलात ना, त्याच दिवशी मी बांबूने आत चिंध्या कोंबल्या. म्हटलं, धारच दिसली नाही तर तुम्हाला दोन घास सुखाने जातील."