घारीच्या कड्याखाली

“शेरडाला दावं लावून वर वढलं, तर तेबी चढतंय,” लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी टीव्हीकडं पाठ केली.

घराच्या सोप्यात माणसं टीव्हीपुढं दाटून बसली होती. टीव्हीवर त्यांची नात शिवांजली होती. साताऱ्याकडच्या घारीच्या कड्यावर, जमिनीपासून दीडशे फूट वर, काळ्या कातळाच्या फटीत बोटं खुपसून ती लोंबकळत होती. चार दिवसांत तीन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला होता. पलूसला तिचा सत्कार ठरला होता. सख्ख्या आजोबांना मात्र त्यात तिच्या कंबरेचा दोर तेवढा दिसला.

“आवं, पोरीला एक तरी शब्द बरा बोला की,” चंद्राबाई नवऱ्याला म्हणाल्या.

“दोर हिला धरतोय आणि टाळ्या हिला. शाबास!”

हे काही आजचं नव्हतं. जानेवारीत ती स्पितीला जाऊन गोठलेला धबधबा चढून आली. दोन्ही हातांत बर्फाच्या कुऱ्हाडी, बुटांना पोलादी दात, थंडी उणे अठरा. तो व्हिडिओ बघताना लालासाहेबांनी मध्येच चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “ह्या कुऱ्हाडीनं ऊस तुटतोय का?” सगळा सोपा हसला होता.

शिवांजली मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. रजा साठवायची आणि डोंगर गाठायची. हे वेड कुठून लागलं, असं कुणी विचारलं की ती आजोबांचं नाव सांगायची. लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन परतले होते. शेवटची नऊ वर्षं त्यांनी बर्फात काढली होती. तिथं आपण काय करत होतो, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. गावानं आपल्या मनानंच ठरवून टाकलं, की गडी शिखरं चढत असणार. शिवांजली तेच ऐकत वाढली. तीन लाखांची वाहवा तिला पुरत नव्हती. तिला एकाच माणसाची हवी होती, आणि तो माणूस तिला शेरडाच्या पंगतीत बसवत होता.

सोप्यातच बसलेली शिवांजली उठली. तिनं टीव्ही बंद केला.

“रविवारी तोच कडा चढणार हाय मी. दोर न लावता. या बघायला.”

चंद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

“येतो की. किती वाजता निघायचं?”

रविवारी सकाळी जीप कड्याच्या पायथ्याला लागली. शिवांजलीचे सगळे व्हिडिओ तिचा चुलतभाऊ राजवर्धन काढायचा. गाडी तोच चालवत होता. दोर गाडीतच होता, पण तो वरून उतरण्यापुरता. लालासाहेबांनी घरून कळकाचे दोन लांब दांडे आणि एक घोंगडं आणलं होतं.

“सावली करून बसायची तयारी दिसतीया,” शिवांजली राजवर्धनला म्हणाली, म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशी. “नातीची फजिती बघायला ऊन लागाया नको.”

तिनं घट्ट बूट चढवले, हातांना पांढरी पूड चोळली. राजवर्धननं कॅमेरा हातात घेतला. लालासाहेबांनी कड्याच्या अगदी बुडाला, दगडगोट्यांवर घोंगडं अंथरलं. त्यावर दोन दांडे ठेवले आणि घोंगड्याच्या कडा आत दुमडल्या. हात सरावाचे होते. मग वर न बघता त्यांनी विचारलं, “उंची किती गं तुझी?”

“का?”

“सांग की.”

“पाच फूट तीन.”

त्यांनी घोंगडं थोडं खाली सरकवलं.

“आणि वजन?”

“चोपन्न किलो. पण कशाला?”

“म्हंजे दोघांत निभंल. राजवर्धन, तू पायाकडनं धर. डोस्क्याकडनं मी धरतो. डोस्कं कसं आसंल, ते आत्ताच सांगता येत न्हाई.”

राजवर्धनच्या हातातला कॅमेरा खाली आला.

“आबा, काय बोलताय हे!” शिवांजली ओरडली.

“नऊ वरसं हेच केलंय,” लालासाहेब म्हणाले. आवाज सोप्यातल्यासारखाच होता, कुचकट. “मी एकबी शिखर चढल्यालो न्हाई पोरी. चढाय गेलेली पडली, की अशाच झोळीत घालून खाली आणायचो. एकतीस आणली. समदी तुझ्यासारखीच हुशार. तू काळजी करू नगंस, एकालाबी मी वाटंत टाकलं न्हाई. जा, चढ.”

शिवांजलीनं कड्याकडं पाहिलं. कुठली फट, कुठला कंगोरा, कुठं उजवा पाय, सगळं तिला पाठ होतं. तिनं पहिल्या कंगोऱ्याला हात लावला. मग मान वळवून खाली पाहिलं. घोंगडं बरोबर तिच्या मापाचं झालं होतं. कंगोऱ्यावर तिच्या बोटांची पांढरी पूड उमटली होती.

मग तिनं हात काढून घेतला.

“राजा,” ती म्हणाली, “गाडीतनं दोर आण.”

राजवर्धन पळत सुटला. लालासाहेबांनी दांडे उपसून बाजूला टाकले आणि ते घोंगड्याची घडी घालायला लागले. घडी काही जमेना. एक टोक धरलं की दुसरं सुटत होतं. शिवांजलीनं ते दुसरं टोक धरलं.

“मग इतकी वरसं एवढं टोचून का बोलत हुता, आबा? दोराला हसला, कुऱ्हाडीला हसला.”

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

“हसलं की सोडून देशील, असं वाटलं हुतं.”