बेल बिघडवणारा हात

बेल पुन्हा वाजली आणि मनालीनं कपाळावर हात मारून घेतला.

यंत्र नीट चालतंय म्हणून रडकुंडीला आलेली बाई अख्ख्या धाड गावात दुसरी सापडली नसती. पण तिचं दुखणंच तसं होतं. ती घरून पुण्याच्या ज्या छोट्या कंपनीचं काम करायची, त्या कंपनीनं रुग्णाच्या उशाशी ठेवायची बेल बनवली होती. बटण दाबलं की नर्सच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला हाक जाते आणि तो हातातलं काम सोडून तिला ओ देतो. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. ओ कशी द्यायची ते कॉम्प्युटरला सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मनालीनं लिहिला होता. आणि एका दवाखान्यात त्यातली एक बेल मधेच मुकी झाली होती. खाटेवरची म्हातारी पाण्यासाठी बटण दाबत राहिली, कुणी फिरकलं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, तर बेल शहाण्यासारखी वाजायला लागली. सोमवारी बाकीच्या सगळ्या खाटांना हीच बेल लागणार होती.

"इकडेही चालतेय गं," फोनवर पुण्याचा हर्षल म्हणाला. तोही सकाळपासून बटणच दाबत होता.

"चालतेय हेच तर दुखणं आहे. डोळ्यांसमोर बिघडल्याशिवाय मी दुरुस्त काय करू?"

दाराजवळच्या खाटेवरून तिचे वडील, किसनराव, हे सगळं बघत होते. धाडच्या अर्ध्याअधिक दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवलेल्या. आता उजव्या हाताला कंप होता, म्हणून तो कायम शेल्याखाली. दारात कुणी आलं की तो आणखी आत जायचा.

"बाबा, तुमी दाबता का जरा? माहं बोट दुखून आलं."

"मी? माह्या हातानं काय होईन? सकाळी चहा सांडला ना."

"बटण हाय बाबा, चहा नाही."

त्यांनी डावा हात पुढे केला. वायर तिथवर पोचेना. किसनरावांनी आधी दाराकडे पाहिलं, मग नाइलाजानं उजवा हात शेल्याबाहेर काढला. बोट बटणावर टेकलं आणि थरथरलं. दाबलं, सुटलं, लगेच पुन्हा दाबलं गेलं. बेल वाजली. त्यांनी परत दाबलं. बेल गप्प. आणखी एकदा दाबलं. गप्पच.

"बिघडोलं ना मी!" त्यांचा चेहरा एवढासा झाला. हात झटकन शेल्यात गेला. "तुले सांगतलं होतं, मले हे नको देऊ."

मनालीचं लक्ष स्क्रीनकडे होतं. पहिली हाक तिथे उमटली होती, त्यापुढे काहीच नव्हतं. ती एकदम हसायलाच लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बाबा, पुन्हा बिघडवा!"

"काऊन वं? लोकं दुरुस्त कराले लावतात, अन् तू मले बिघडवाले लावून राह्यली?"

"हाव! बिघडवा ना!"

त्यांनी बिघडवली. तिनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, त्यांनी पुन्हा बिघडवली. आता त्यांनाही गंमत वाटायला लागली होती.

हाक आली की कॉम्प्युटर तिची खूण करून ठेवतो. मनालीचा ड्रायव्हर ही खूण पुसायचा, पण सगळं काम आटोपल्यावर, अगदी शेवटी. तिच्या किंवा हर्षलच्या बोटानं दाबलं तर तेवढ्यात काम उरकून जायचं. थरथरतं बोट मात्र पहिल्या हाकेचं काम चालू असतानाच दुसरी हाक देतं. खूण पुसताना ही दुसरी हाकही पुसली जायची. आणि एका हाकेला ओ मिळेपर्यंत बटण नवी हाक देत नाही. मग बटण आपलं हात वर करून बसलेलं, कुणीतरी ओ देईल म्हणून; आणि कॉम्प्युटर वाट बघत, कुणीतरी हात वर करील म्हणून. ज्याला बेलची सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच हाती ती मुकी होत होती.

मनालीनं खूण पुसायची ओळ तळातून उचलली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. आधी खूण पुसायची, मग काम करायचं.

"आता बिघडवा."

किसनरावांनी दाबलं. बोट मन मानेल तसं थरथरलं. बेल वाजली, पुन्हा वाजली, वाजतच राहिली. बराच वेळ दाबून पाहिल्यावर ते म्हणाले, "आता नाही बिघडत वं." आवाजात थोडी निराशाच होती.

हर्षलनं फोनवर विचारलं, "सापडलं तुला?"

"बाबांना," ती म्हणाली.

मग खाटेजवळ बसून तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिच्या तळव्यातही थरथरत होता. त्याचे आभार कसे मानावेत ते तिला कळेना.

"बाबा, हा हात नसता तं त्या सगळ्या खाटांवरच्या लोकाईनं हाका मारल्या असत्या, अन् कोणी आलं नसतं."

ती चहा टाकायला आत गेली, तरी बटण किसनरावांजवळच राहिलं.

तेवढ्यात शेजारच्या अंबूबाई दारात आल्या. "काय चाललंय हो, सकाळपासून घंटी वाजून राह्यली?"

"या, बसा," किसनराव म्हणाले. "चहा घेता ना?"

अंबूबाईंच्या देखत त्यांनी शेला बाजूला सारला, उजवा हात बाहेर काढला, आणि तो चांगला थरथरू देत बटणावर ठेवला.

बेल वाजली.

"आले, बाबा!" आतून मनालीनं ओ दिली.