रोलवरचा पहिला फोटो

बाळाचा पहिला फोटो रोलवरच निघाला पाहिजे, असं नातसुनेनं मनावर घेतलं होतं. फोनच्या फोटोंत म्हणे जीव नसतो. तिनं आजोबांचा जुना कॅमेरा कपाटातून काढला, रोल भरला आणि झोपलेल्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवलं.

“आजोबा, तुम्हीच काढा. सरकारी फोटोग्राफर होतात तुम्ही!”

आजोबांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि लगेच काढला. कॅमेरा बाजूला टाकून त्यांनी बाळाच्या तळपायाला चिमटा काढला. बाळानं टाहो फोडला.

“अहो, किती शांत झोपलं होतं!” ती कळवळली.

“पोलिसांसाठी फोटो काढायचो मी, पोरी,” रडणाऱ्या बाळाला छातीशी धरत आजोबा म्हणाले. “अशी शांत झोपलेली पोरं या कॅमेऱ्यातून खूप पाहिली. एकही उठलं नाही.”