बेचाळिसावा माणूस

दहा वाजून पाच मिनिटं झाली, तशी सरांनी सभागृहाच्या पुढच्या दाराला कडी घातली. बावीस वर्षांची सवय. उशिरा येणारा विद्यार्थी असो की उशिरा येणारी नोंद, बाहेर! डेटाबेस शिकवतानाही त्यांचा हाच खाक्या. त्यांची विद्यार्थिनी मात्र चार वर्षं त्यांच्याशी भांडत आली होती. डेटा वाहता असला की उत्तर ताबडतोब द्यावं, पण मागे राहिलेली नोंद आली की ती मुकाट्याने घ्यावी आणि उत्तर सुधारावं, हा तिचा हट्ट. आज त्याच संशोधनावर तिच्या पीएच.डी.ची शेवटची परीक्षा होती.

प्रात्यक्षिकासाठी तिने दोन्ही दारांवर आत येणारी माणसं मोजणारे सेन्सर जोडले होते. पडद्यावर आकडा होता ४१. परीक्षकांनी बोट फिरवून, स्वतःलाही धरून, डोकी मोजली. एकेचाळीस. सरांना हायसं वाटलं.

तेवढ्यात आकडा बदलला. ४२.

"आत्ता तर कोणीच आलं नाही," परीक्षक म्हणाले. "तुमचं यंत्र माणसं जन्माला घालतंय की काय?"

सरांना हे झोंबलं. भांडखोर असली, तरी चेली त्यांचीच होती. तिचा चेहरा उतरला, पण आवाज नाही.

"मागच्या दाराचा सेन्सर जुना आहे. नोंद आत्ता पोचली, पण वेळ दहा सातची आहे. कोणीतरी आलंय."

"मग दिसत का नाही?"

सर उठून मागे गेले. कपाटाआड एक गृहस्थ अंग चोरून उभे होते. अंगावर खाकी गणवेश, हातात बूट.

"बाबा!" विद्यार्थिनी ओरडली. "तुम्ही तर ड्यूटीवर होतात ना?"

"बस डेपोत लावली आणि धावत सुटलो," बाबा ओशाळले. "पुढे कडी होती, म्हणून मागून शिरलो. तुला त्रास नको म्हणून बूटसुद्धा काढले. चाहूल लागू दिली नव्हती गं कोणाला!"

सभागृह खो खो हसत सुटलं. परीक्षक तर चष्मा काढून डोळे पुसत होते. "यंत्राला लागली," म्हणत त्यांनी कागदावर सही ठोकली. सरांना इतका आनंद झाला, की आपण चार वर्षं चुकत होतो याचंही त्यांना काही वाटलं नाही.

बाबा दाराकडे सरकले. "उशीर झाला खरा. बाहेर थांबतो मी."

सरांनी पहिल्या रांगेतली आपली खुर्ची ओढून त्यांच्यापुढे केली.

"बसा हो! वेळेवर आला असतात, तर पंचाईत होती आमची."