वर्गाचं वजन

"दार लाव," कॅप्टन म्हणाली.

कुणीतरी कडी घातली. खेळाच्या सामानाच्या खोलीत अख्खी सहावी ब दाटीवाटीने उभी होती. मधे जागा सोडली होती. त्या जागेत, वर्गाने रणगाडा नाव ठेवलेला जाडा मुलगा.

बूट, स्वेटर, पट्टे सगळ्यांनी आधीच उतरवले होते. जुळ्या भावांनी त्याचा एकेक दंड धरला. कॅप्टनने त्याच्या केसांचा झुपका मुठीत घेतला. ती शाळेसाठी गोळाफेक करायची. तिच्या मुठीतून काही सुटत नसे.

"केसांना कितीसं वजन असणार गं?" रणगाडा म्हणाला.

"तुझ्या केसांना असेल. तेही चरत असतील."

सगळे हसले. तोही हसायला गेला, तेवढ्यात कात्रीचं टोक त्याच्या कानाला

— लक्ष द्या, लक्ष द्या! आज महिन्याचं वजन. कुणाही एका मुलाचं वजन पुकारलं जाणार नाही. आपल्या शाळेत कुणाला लाज वाटता कामा नये. पूर्ण वर्ग एकदम काट्यावर. एकही मूल गैरहजर असेल तर तो वर्ग बाद. आकडा उतरला तर त्या वर्गाला समुद्रावरची सहल —

लागलं. पटांगणावर सरांचा कर्णा चालू होता, त्यामुळे ओरडणं बाहेर गेलं नाही.

"अ वर्ग जाऊनसुद्धा आला," कॅप्टन कापता कापता म्हणाली. "त्यांच्या दप्तरात अजून वाळू सापडते. आणि आम्ही? खायचं तू, ढेकर आम्ही द्यायची?"

"मी कुठे खातो? डबा तर तुम्हीच काढून घेता."

"सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

रणगाड्याने खाली, गळालेल्या केसांकडे बघितलं. "दूध. आजीने पाजलं. तोंड सुकलंय म्हणाली."

दूध आत होतं. सगळ्यांच्या सहलीवर एक पेलाभर दूध.

"सरका," चिमणी म्हणाली. वर्गातली सगळ्यात काटकुळी पोर; तिचा आवाज वर्षभरात कुणी धड ऐकला नव्हता. तिने कोपऱ्यातली बॅट घेतली, उलटी धरली, दोन पावलं मागे गेली आणि धावत येऊन बॅटची मूठ त्याच्या पोटात घातली.

दूध उलटून खालच्या व्यायामाच्या गादीवर पडलं. जुळ्यांनी त्याला वाकू दिलं नाही. दुसरा फटका तोंडावर बसला. बहुतेक चुकून. तिसरा चुकून नव्हता, कारण आता मागचेही पुढे सरकले होते. कोपरं, गुडघे, कुणाचं डोकं, कोण कुणाला मारतंय तेही धड कळेना, आणि मधेच कुणीतरी खुदकन हसलं, वाढदिवसाला हसावं तसं.

"बास!" कॅप्टन म्हणाली. "उभा राहता आला पाहिजे."

रणगाड्याचं तोंड रक्ताने भरलं होतं. तो घोट घ्यायला गेला, तर तिने त्याचा जबडा धरला.

"गिळू नकोस. थुंक. काट्यावर चढायचंय." तिने स्वतःच्या रुमालाने त्याची हनुवटी पुसली, हळू, धाकट्या भावाची पुसावी तशी. "आकडा उतरला की तुला कुणी बोट लावणार नाही. माझा शब्द."

— सहावी ब! —

काटा गोदामातून आणलेला होता, पोती तोलायचा. जमिनीलगत लोखंडी पत्रा, एका टोकाला खांब, खांबावर लाल आकडे. वर्ग एकमेकांना चिकटून त्यावर उभा राहिला. रणगाड्याने खांब धरला. शेजारच्या फळ्यावर मागचा आकडा खडूने लिहिला होता.

लाल आकडे थरथरले. थांबले.

खाली. चांगलेच खाली.

आरोळी उठली. मोठ्या बाई वजन बघायला आलेल्या पाहुण्यांकडे वळल्या. "बघा. ना औषध, ना ओरडा. मुलंच मुलांची काळजी घेतात." मग त्यांची नजर खांबापाशी गेली. "अरे वा, केस कापलेस? मोकळं वाटतंय ना?"

रणगाड्याने मान डोलावली. तोंड उघडण्याची सोय नव्हती.

"सहल पुढच्या महिन्यात," बाई म्हणाल्या. "तोवर आकडा असाच उतरता ठेवायचा. नाहीतर सहल दुसऱ्या वर्गाला. कळलं?"

"हो, बाई!"

काट्यावरून सगळ्यांनी एकदम उडी मारून उतरायचं असतं. ते त्यांना शिकवलेलं होतं. पण आज आनंदात कुणाला भान राहिलं नाही. एकेक जण उतरत गेला आणि उतरलेले मागे वळून आकडे बघू लागले. जुळे उतरले, आकडा दोनदा सारखाच घसरला, लोक हसले. चिमणी उतरली, आकड्याला जेमतेम कळलं. शेवटी दोघंच राहिली. कॅप्टन उतरली.

आकडा जिन्यावरून पाय सुटावा तसा कोसळला.

पत्र्यावर एकटा रणगाडा उरला, आणि खांबावर त्याचा एकट्याचा आकडा, कॅप्टनसोबत घसरला त्याहून लहान. वजाबाकी सहावी ब मधल्या सगळ्यांना येत होती.

"मी गोळा फेकते," कॅप्टन म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

बूट घ्यायला सगळे खोलीत परतले. कॅप्टन खाली वाकून नाडी बांधू लागली. चिमणीने बॅट उचलली. कात्री गादीवर होती, ती जुळ्यांपैकी एकाने घेतली. मधे जागा कशी सुटली, कुणाला कळलं नाही. कॅप्टनने मान वर केली आणि रणगाड्याकडे बघितलं.

"दार लाव," चिमणी म्हणाली.

दाराशी रणगाडाच होता. त्याने तोंडात साठलेलं रक्त गिळलं, आणि कडी घातली.